मेलिखोवोचा हिशेब

१८९२ च्या फेब्रुवारीत अंतोन चेकॉव्हने मॉस्कोच्या दक्षिणेला, सेर्पुखोव तालुक्यातल्या मेलिखोवो गावी २१३ देस्यातिना जमीन विकत घेतली. आपल्याकडच्या मापाने पावणेसहाशे एकर. किंमत १३,००० रूबल, त्यातली बरीचशी उसनवारीची आणि गहाणावरची. विकणारा सोरोख्तिन नावाचा चित्रकार होता. सगळा व्यवहार बर्फात झाला. शेत कुठं संपतं, कुरण कुठं लागतं, रान कुणाच्या हद्दीत येतं, यातलं काही दिसायची सोय नव्हती. मार्चमध्ये बिऱ्हाड आलं, बर्फ वितळू लागलं, तशी मालकाला आपली मालमत्ता कळत गेली.

“मोजणी न करता जमीन घेतली?” मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आणि या माणसाला तू आदर्श शेतकरी म्हणतेस?”

“आदर्श शेतकरी मी कुठं म्हटलंय, मामा? आदर्श लोकसेवक म्हटलंय.”

“ते तर त्याहून अवघड.”

भाची एका दिवाळी अंकासाठी चेकॉव्हवर लिहीत होती. नाटककार चेकॉव्ह मराठी वाचकाला परका नाही, आणि त्याच्या कथांची भाषांतरं होऊनही कैक वर्षं झाली. तिला लिहायचं होतं ते त्याच्या १८९२ ते १८९९ या काळाबद्दल : शेतकरी, विनावेतन डॉक्टर, लोकल बोर्डाचा सभासद, शाळा बांधणारा, शिरगणती करणारा चेकॉव्ह. मसुदा तिने मामांना वाचायला दिला, कारण मामांची उभी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली होती आणि निवृत्तीनंतर ते वाईजवळ हळद आणि ऊस बघत होते. खेड्यातलं डॉक्टरी काम आणि शेती, दोन्ही त्यांना आतून माहीत. मामा कौतुक करतील अशी तिची समजूत होती. पण मसुद्याच्या समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा होत्या.

पहिली खूण आजोबांपाशी. चेकॉव्हचे आजोबा येगोर हे भूदास. १८४१ साली मालकाला ३,५०० रूबल मोजून त्यांनी स्वतःची आणि कुटुंबाची सुटका करून घेतली. जमिनीबरोबर ज्यांची विक्री व्हायची त्यांचा नातू पन्नास वर्षांनी जमिनीचा मालक होतो, अशी भाचीची सुरुवात होती.

“फार गोंडस जुळवलंयस,” मामा म्हणाले. “मधली पिढी कुठं गेली?”

मधल्या पिढीत वडील पावेल. तगानरोग गावी त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं. १८७६ साली ते बुडालं आणि सावकारांना चुकवून पावेल मॉस्कोला पळाले. सोळा वर्षांचा अंतोन शिक्षण पुरं करायला मागेच राहिला, पुढे मॉस्कोत येऊन १८८४ साली डॉक्टर झाला आणि विनोदी किस्से लिहून घर चालवू लागला. भाड्याच्या खोल्या बदलण्यात या कुटुंबाची वर्षं गेली होती. तेव्हा मेलिखोवोच्या खरेदीमागे जमीनदारीची हौस किती आणि घरभाडं टळावं ही साधी इच्छा किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

शेतीबद्दल मामांचं मत लगेच तयार झालं. राय, ओट, क्लोव्हर पेरलं जायचं. शेताची देखरेख धाकटा भाऊ मिखाइल करी, भाजीपाला बहीण मारिया बघे, वडील रोज चार शब्दांत दैनंदिनी लिहीत : हवा कशी, कोण आलं, काय पेरलं. चेकॉव्ह स्वतः रमायचा तो झाडांत, गुलाबांत आणि मुद्दाम खणून घेतलेल्या तळ्यात. तळ्यात मासे सोडले होते. भाजीच्या एका तुकड्याला घरच्यांनी ‘फ्रान्सचा दक्षिण भाग’ असं नाव ठेवलं होतं, कारण तिथं टोमॅटो, वांगी आणि आर्टिचोक लावले जात. मॉस्कोच्या थंडीत वांगं म्हणजे अप्रूप. आपल्या परसात ते न मागता येतं, हे मामांनी अर्थातच बोलून दाखवलं.

“ही पांढरपेशाची शेती. घरात पैसा येत होता गोष्टींचा आणि जात होता शेतात. बरोबर?”

“बरोबर.”

“मग तिला शेती कशाला म्हणायचं?”

“तुमच्या शेजारच्यांचा ऊस कुणाच्या पगारावर उभा आहे, मामा? मुलगा हिंजवडीला आहे म्हणून ठिबक आलं ना?”

यावर मामांनी चहा मागवला. वाद शेतीपुरता तिथेच थांबला, आणि खरं तर चेकॉव्हच्या शेतीत त्याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. तो बेताचा शेतकरी होता. माणसं मात्र त्याच्याकडे पहिल्या आठवड्यापासून येऊ लागली, ती धान्यासाठी नव्हेत. नवा मालक डॉक्टर आहे ही बातमी आसपास फिरली होती. पहाटेपासून अंगणात रोगी उभे राहत. तपासणी फुकट, आणि बऱ्याचदा औषधही.

त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली.

रशियाची ती फार वाईट वर्षं होती. १८९१ साली व्होल्गाकाठी दुष्काळ पडला होता. चेकॉव्ह १८९२ च्या जानेवारीत निझनी नोव्गोरोदकडे गेला होता, एक योजना घेऊन : वैरण नाही म्हणून शेतकरी घोडे कवडीमोलाने विकतायत, ते विकत घ्यायचे, हिवाळाभर पोसायचे आणि पेरणीच्या वेळी त्यांचे त्यांना परत द्यायचे. आपल्याकडच्या चारा छावणीशी नातं सांगणारी ही कल्पना. पैसा उशिरा जमला, वेळ टळून गेली आणि योजना फारशी साधली नाही. भाचीने या प्रकरणाला दीड पान दिलं होतं. मामांनी त्यावर सरळ रेघ ओढली आणि पुढे ‘पटकी’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

“इथं सावकाश लिही,” ते म्हणाले. “इथं मला माणूस कळायला लागला.”

पटकी कास्पियन समुद्राच्या बाजूने व्होल्गेच्या काठाने वर सरकत होती. सेर्पुखोवच्या झेम्स्त्वोने, म्हणजे तिथल्या निवडलेल्या लोकल बोर्डाने, तालुक्याचे विभाग पाडले आणि मेलिखोवोचा विभाग चेकॉव्हकडे आला : २५ गावं, ४ कारखाने आणि १ मठ. पगार त्याने नाकारला. हाताशी पैसा नव्हता, दवाखाना नव्हता, रोग्यांना वेगळं ठेवायला छप्पर नव्हतं. मग तो गाडीतून कारखानदारांकडे, जमीनदारांकडे फिरू लागला. आपण फार उत्तम भिकारी निघालो, अशा अर्थाचं त्याने पत्रात गमतीने लिहिलं आहे. चुना, मोरचूद आणि इतर जंतुनाशकं त्याने सगळ्या २५ गावांपुरती कारखानदारांकडूनच मिळवली. साथीच्या झोपड्याही उभ्या राहिल्या. दोन उत्तम आणि पाचएक भिकार, हा हिशेब त्याचाच. मठाच्या प्रमुखाने रोग्यांसाठी जागा द्यायला साफ नकार दिला. एका उमरावाच्या बायकोने त्याला असं वागवलं, जणू हा नोकरी मागायला आलाय.

मामा हसले. “हे तर आमचंच. लसीकरणाच्या शिबिराला शाळेची एक खोली मागायला जा, म्हणजे कळतं खोली किती पवित्र असते.”

“म्हणजे पटलं तुम्हाला?”

“थांब. त्याच्या विभागात पटकी आली किती जणांना?”

इथे भाची अडखळली. साथ वीस-तीस मैलांपर्यंत आली, पण चेकॉव्हच्या विभागात तिने पाय ठेवला नाही. १८९२ च्या उन्हाळ्यात नाही, आणि १८९३ साली पुन्हा बंदोबस्त करावा लागला तेव्हाही नाही. त्याने तपासले ते इतर आजारांचे रोगी : घटसर्प, गोवर, डांग्या खोकला, हगवण, मोडलेली हाडं. शेकडो रोगी.

“म्हणजे ज्या युद्धाची तयारी केली ते युद्धच झालं नाही,” ती हळूच म्हणाली. टीकाकाराला हत्यार आपणच पुरवतोय, हे तिच्या लक्षात आलं होतं.

पण मामांनी ते हत्यार उचललं नाही. उलट तेच तिच्यावर चिडले. “अगं, प्रतिबंधाच्या कामाला आकडा कधी असतो का? विहिरीत टीसीएल टाकली म्हणून किती जण आजारी पडले नाहीत, हे कोण मोजणार? वर्षअखेरच्या अहवालात आमच्याकडे रकाना असायचा साथीच्या रुग्णांचा. साथ न आलेल्या गावांचा रकाना कधी पाहिला नाही मी. साथ आली नाही की वरचे विचारणार, मग इतकी औषधं कशाला मागवलीत?”

अर्थात साथ न येण्याचं श्रेय चुन्याला की दैवाला, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. मामांना ते ठाऊक होतं. मुद्दा त्यांना वेगळाच दिसत होता. त्याच उन्हाळ्यात व्होल्गाकाठच्या ख्वालिन्स्क गावात जमावाने मोल्चानोव नावाच्या डॉक्टरला ठार मारलं. डॉक्टरच विहिरीत विष कालवतात आणि माणसांना जिवंतपणी पेटीत घालतात, अशी अफवा होती. झोपडीत नेलेला माणूस परत येत नाही, हे लोकांनी पाहिलेलं होतं. बाकीचं भीतीने भरून काढलं. मामांनी समासात लिहिलं होतं : पुणे, १८९७. प्लेगच्या वेळची घरझडती, रँडचा कारभार, २२ जूनची रात्र. तीही त्याच दशकातली. सरकारी माणूस रोग घालवायला येतो की आपल्याला घालवायला, हा प्रश्न मुळा-मुठेच्या काठीही विचारला गेला होता.

“आणि मेलिखोवोच्या आसपास असलं काही झालं नाही,” मामा म्हणाले. “कारण पटकीचा डॉक्टर म्हणून येण्याआधी हा चार महिने त्यांच्या पोरांचे घसे तपासत होता. हे लिही. झोपड्या किती बांधल्या याहून हे मोठं.”

त्या वर्षाचा आणखी एक धागा भाचीजवळ होता, तो तिने चटकन जोडला. चेकॉव्ह चुना गोळा करत होता त्याच जुलै महिन्यात पॅरिसमध्ये ओदेसाचा वाल्देमार हाफकिन पटकीची आपली लस स्वतःलाच टोचून घेत होता. पुढच्या वर्षी तो हिंदुस्थानात आला, प्लेग फुटल्यावर मुंबईला पोचला, आणि परळची संस्था आजही त्याच्या नावाने चालते. रशियन साम्राज्यातलेच हे दोघे एकाच साथीला दोन टोकांनी भिडले होते. मामांनी या वाक्यापुढे बरोबरची खूण केली. मसुद्यातली ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी वादाने खरं वळण घेतलं. विषय होता झेम्स्त्वो.

भूदासमुक्तीनंतर तीन वर्षांनी, १८६४ साली, झारच्या सरकारने ही तालुका आणि प्रांत पातळीवरची मंडळं काढली. शाळा, दवाखाने, रस्ते, पूल ही कामं त्यांची. पोलीस आणि अधिकार सरकारचा. आपल्याकडे रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा आणि मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा १८८४ चा. इथे अध्यक्षपदी कलेक्टर, तिथे उमराव, एवढा फरक सोडला तर जातकुळी एक. १८९० साली तर रशियात कायदा आणखी आवळला गेला : शेतकऱ्यांनी फक्त उमेदवार निवडायचे, त्यातून सभासद कोण हे गव्हर्नर ठरवणार. चेकॉव्ह सेर्पुखोवच्या झेम्स्त्वोवर निवडून गेला तो या आवळलेल्या कायद्याखाली, १८९४ साली.

“म्हणजे ज्यांच्यासाठी काम, त्यांनी याला निवडलं नव्हतंच,” मामा म्हणाले. “जमीन होती म्हणून हा तिथे बसला. खुर्ची जमिनीला मिळाली, माणसाला नाही. आता मला सांग, याची सेवा ही सेवा की मेहेरबानी?”

“मेहेरबानी करणारा माणूस देणगी देतो आणि नावाची पाटी लावतो, मामा. हा सभेला जाऊन बसत होता. खड्ड्यांच्या ठरावावर, शिक्षकांच्या सरपणावर, औषधांच्या बिलांवर. जवळच्या लोपास्न्याला टपाल-तार कचेरी यावी म्हणून अर्जांवर अर्ज केले याने. ती आली १८९६ साली. रस्त्यासाठी खटपट केली. कोर्टात ज्युरी म्हणून बसला. यात मिरवायला काय आहे?”

“टपाल कचेरी त्याला स्वतःलाही हवी होती. गोष्टी कुठून पाठवणार?”

“हवीच होती! गावाला हवं ते आपल्यालाही हवं असणं हा गुन्हा झाला का?”

मामा गप्प बसले, पण हरले म्हणून नव्हे. त्यांचा आक्षेप जुना आणि पक्का होता. त्यांनी नोकरीत असे चांगले लोक पाहिले होते : कुणी डॉक्टर, कुणी गटविकास अधिकारी, कुणी परत आलेला प्राध्यापक. माणूस असेतो गाव हलतं. बदली झाली, तो थकला किंवा गेला, की दोन पावसाळ्यांत सगळं पूर्ववत. त्यांच्या मते अशा माणसाने व्यवस्थेचं नुकसानच होतं, कारण सगळ्यांना सवय लागते की कुणीतरी येईल. हे बोलताना त्यांचा आवाज थोडा चढला. स्वतःच्या जुन्या केंद्राचं काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि भाचीनेही विचारलं नाही.

शाळांची गोष्ट या आक्षेपाला उत्तर देते का? भाचीला वाटत होतं, देते. तालेझची शाळा १८९६ साली उभी राहिली, नोवोस्योल्कीची १८९७ साली, मेलिखोवोची १८९९ साली. आराखडे, लाकूड, विटा, गवंडी, मजुरी, सगळं चेकॉव्हने अंगावर घेतलं. पैसा थोडा झेम्स्त्वोचा, थोडा लोकवर्गणीचा, थोडा सेर्पुखोवला केलेल्या हौशी नाटकांच्या तिकिटांचा आणि बराचसा स्वतःच्या खिशातला. तालेझच्या शाळेच्या उद्घाटनाची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. ४ ऑगस्टला चार गावांच्या शेतकऱ्यांनी त्याला चार पाव, एक देवाची तसबीर आणि दोन चांदीची मिठाची भांडी दिली, आणि शोल्कोवो गावातल्या एकाने भाषण केलं. नोंद एवढीच आहे. भावना नाही, विशेषण नाही. ज्याने ‘सीगल’ हे नाटक नुकतंच लिहून हातावेगळं केलं होतं, त्याने आपल्या आयुष्यातल्या या सोहळ्याला दोन ओळी दिल्या.

“आणि शिक्षकाचा पगार?” मामांनी विचारलं.

हा नेम अचूक होता. ‘सीगल’मधला शाळामास्तर मेद्वेदेन्को पहिल्याच प्रवेशात आपला पगार सांगतो : महिना २३ रूबल. तेवढ्यात आई, बहिणी, धाकटा भाऊ. नाटकभर तो या आकड्यापासून सुटत नाही, आणि लोक त्याला कंटाळतात. चेकॉव्हला ठाऊक होतं की इमारत बांधता येते, पगार बांधता येत नाही. शाळेच्या भिंती वर्गणीतून उभ्या राहतात. मास्तरच्या चुलीला मात्र दरमहा लाकूड लागतं, आणि त्याचा ठराव झेम्स्त्वोत अडकलेला असतो.

“म्हणजे तो स्वतःच माझ्या बाजूने आहे,” मामा म्हणाले.

“तो तुमच्याही बाजूने आहे आणि माझ्याही. तीच तर गंमत आहे.”

मग तिने ‘माडी असलेलं घर’ ही कथा काढली. १८९६ च्या एप्रिलमध्ये ‘रूस्काया मिस्ल’ या मासिकात ती छापून आली, म्हणजे तालेझच्या भिंती चढत होत्या त्या दिवसांत. कथेत लिदा नावाची जमीनदाराची मुलगी आहे. ती शाळेत शिकवते, रोग्यांना औषधं देते, झेम्स्त्वोच्या निवडणुकीत उतरते. आणि एक चित्रकार आहे, शेजाऱ्याकडे पाहुणा म्हणून राहिलेला. तो तिला म्हणतो की सध्याच्या परिस्थितीत हे दवाखाने आणि वाचनालयं लोकांच्या गुलामीतच भर घालतात; शेतकऱ्याला गरज आहे ती कष्टांतून सवड मिळण्याची, साक्षरतेने आणि पुड्यांनी त्याच्या बेड्या तुटत नाहीत, उलट नव्या गरजा आणि नवे खर्च त्याच्या मानेवर बसतात. लिदा उत्तर देते की हात बांधून बसता येत नाही, चुका होत असतील पण जे जमतं ते करतो.

“चित्रकार बरोबर बोलतोय,” मामा लगेच म्हणाले. आणि मग, कथा आठवून, “पण तो दिवसभर करतो काय?”

“काहीच नाही. लोळतो, फिरतो, शेजाऱ्याकडे जेवतो.”

मामांना हे फार लागलं. ज्याची बाजू आपण मांडतोय तो निव्वळ ऐतखाऊ निघावा! इकडे भाचीचीही पंचाईत होती. लिदा काम करते खरी, पण ती कोरडी आहे, हुकमी आहे, वाद जिंकायला बोलते, आणि आपल्या धाकट्या बहिणीचं चित्रकारावरचं प्रेम एका झटक्यात मोडून टाकते. चेकॉव्हने स्वतःच्या दिवसभराच्या कामाविरुद्धचा सगळ्यात जोरदार युक्तिवाद एका रिकामटेकड्याच्या तोंडी घातला आणि स्वतःचं काम एका न आवडणाऱ्या बाईच्या हाती दिलं. या कथेवर सव्वाशे वर्षं समीक्षक भांडतायत, आणि मामा-भाचीने त्यात एका संध्याकाळची भर घातली.

मामांचं म्हणणं असं पडलं की हे लेखकाचं चातुर्य झालं. दोन्ही डगरींवर हात. भाचीला ते मान्य नव्हतं. तिच्या मते ज्याला आपल्या कामाविरुद्धचा मुद्दा इतका नीट मांडता येतो आणि तरीही जो दुसऱ्या दिवशी सकाळी विटांचा भाव करायला जातो, त्याच्यावर भोळेपणाचा आरोप तरी करता येत नाही. या ठिकाणी हे लिहिणाऱ्याची सहानुभूती भाचीकडे झुकते हे कबूल करायला हवं. पण मामांचा प्रश्न त्याने पुसला जात नाही : भोळेपणा नसेल, पण परिणाम?

परिणामाबद्दलही चेकॉव्हने स्वतःला सोडलेलं नाही. त्याच वर्षीच्या ‘माझं आयुष्य’ या दीर्घकथेत शहरातून आलेलं एक जोडपं खेड्यात शाळा बांधायला घेतं. शेतकरी लाकूड वाहून आणायला टाळाटाळ करतात, व्होडका मागतात, सामान चोरतात. मग शेवटी सांगणारा माणूस म्हणतो की हे सगळं खरं असूनही या लोकांच्या आत काहीतरी पक्कं आणि निरोगी आहे. खोटं वागूनही ते खऱ्यावर विश्वास ठेवतात. तालेझच्या अनुभवातून हे आलं असणार, हा भाचीचा तर्क होता. त्या कथेतल्या इस्टेटीचं नाव ‘दुबेच्न्या’ आहे, आणि तालेझच्या शाळेसाठी पाव घेऊन आलेल्या चार गावांतल्या एकाचं नावही दुबेच्न्याच.

१८९७ च्या जानेवारीत रशियन साम्राज्याची पहिली सार्वत्रिक जनगणना झाली. साडेबारा कोटींवर माणसं मोजली गेली. चेकॉव्हच्या हाताखाली पंधराएक प्रगणक होते, आणि मेलिखोवोतली घरं त्याने स्वतः फिरून मोजली, आजारी असताना. नंतर सगळ्यांना मिळालं तसं ब्राँझचं पदकही त्याला मिळालं. मार्चमध्ये मॉस्कोच्या एका हॉटेलात जेवायला बसला असताना त्याच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. डॉक्टर असून त्याने तोवर स्वतःची फुप्फुसं कुणाला तपासू दिली नव्हती. एप्रिलमध्ये ‘शेतकरी’ ही कथा छापली गेली, तीही सेन्सॉरने एक पान बदलायला लावल्यावर. खेड्यातली घाण, दारू, मारहाण, उपासमार तिने कुठलाच पडदा न धरता दाखवली. खेड्यावर श्रद्धा ठेवणारे चिडले, मार्क्सवादी खूश झाले, टॉल्स्टॉयने पुढे तिला जनतेविरुद्धचं पाप म्हटलं. पण इस्टेटीच्या ओसरीवरून पाहिलेलं ते खेडं नव्हे. घरात शिरून, किती माणसं, किती वय, वाचता येतं का, असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाने पाहिलेलं आहे.

“तर मग बघ,” मामा म्हणाले, “शाळा नाही, दवाखाना नाही. राहिलं काय त्याचं? कथा! त्या नसत्या तर तू आज मेलिखोवोचं नावही ऐकलं नसतंस. झेम्स्त्वो तर क्रांतीनंतर मोडलीच. घर पाडलं गेलं, पुढे साठाच्या सुमारास तसंच दिसणारं नवं बांधलं. त्याच्या लिहिण्याच्या खोपटाखेरीज जुनं फारसं उरलं नाही.”

“शाळांच्या इमारती आहेत, संग्रहालयाकडे.”

“संग्रहालयात गेलेली शाळा ही शाळा असते का?”

भाचीने यावर एक माणूस पुढे केला : डॉ. प्योत्र कुर्किन. पटकीच्या वर्षी हा सेर्पुखोव भागात चेकॉव्हचा सहकारी होता, पुढे झेम्स्त्वोच्या आरोग्य-आकडेवारीत त्याने आयुष्य घालवलं. ‘अंकल वान्या’मधला डॉ. आस्त्रोव तालुक्याचे तीन काळांतले नकाशे उलगडून दाखवतो. पन्नास वर्षांपूर्वी किती जंगल होतं, पंचवीस वर्षांपूर्वी किती, आता किती. मॉस्को आर्ट थिएटरच्या प्रयोगासाठी तो नकाशा कुर्किननेच करून दिला होता. म्हणजे रंगमंचावर टेबलावर पसरलेला तो कागद झेम्स्त्वोच्या खऱ्या माणसाने काढलेला होता. कथा आणि काम यांची अशी फारकत करता येत नाही, असं तिचं म्हणणं. चेकॉव्ह गेला तरी कुर्किनसारखे शेकडो होते, त्यांची खाती आणि तक्ते होते. एकट्या भल्या माणसाची ती गोष्ट नव्हतीच.

मामांनी बराच वेळ विचार केला. “हे मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “हे असेल तर माझा आक्षेप थोडा सैल होतो. थोडाच.” मग त्यांनी मसुदा पुन्हा उघडला आणि मागची पानं चाळली. “पण मग एक सांग. याला मार्चमध्ये रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी हिवाळा दक्षिणेत काढायला सांगितलं. १८९७ चा हिवाळा तो फ्रान्समध्ये होता, त्यानंतरचा याल्टाला. वडील १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये वारले. आणि मेलिखोवोची शाळा उभी राहिली १८९९ साली. मग ती बांधली कुणी?”

उत्तर मसुद्यातच होतं, पण कडेला पडलेलं. मारिया पावलोव्हना, बहीण. आठवडाभर ती मॉस्कोत मुलींच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायची आणि सुट्टीला मेलिखोवोला येऊन शेत, मजूर, बाग बघायची. पहाटेच्या रोग्यांना औषधं बांधून द्यायला, जखमा धुवायला तीच उभी असायची. शाळेचं लाकूड, सुतारांचे हिशेब तिच्याकडे आले. १८९९ च्या उन्हाळ्यात इस्टेट एका लाकूडव्यापाऱ्याला विकली, तेव्हा सामान बांधून निघालीही तीच.

“पावणेसहाशे एकरांचा कारभार या बाईने हाकला,” मामा म्हणाले, “आणि तुझ्या लेखात तिचं नाव पहिल्यांदा येतं नवव्या पानावर, तेही वांग्यांबरोबर.”

भाचीने पान मागून घेतलं. तिच्या लेखाला शब्दमर्यादा होती आणि ती आधीच ओलांडलेली होती. चित्रकार लेव्हितान मेलिखोवोला शिकारीला यायचा, त्यावर तिने सुरेख परिच्छेद लिहिला होता. तो काढावा की निझनी नोव्गोरोदचे घोडे काढावेत, यावर दोघांचं आणखी अर्धा तास चाललं. मामा लेव्हितानवर अडून बसले होते, घोड्यांना हात लावू देईनात, जरी आदल्या दिवशी त्यांनीच त्यावर रेघ ओढली होती.